'ऱ' अक्षराचे नऊ दिवस

बऱ्हाटे, गोऱ्हे, कऱ्हाडकर. या आडनावांच्या रुग्णांचे तपासणी अहवाल आमच्या सॉफ्टवेअरमधून निघत नव्हते. रक्त तपासलं जाई, आकडे संगणकात भरले जात आणि छापायला गेलं की पडद्यावर लाल अक्षरांत चूक दिसे. प्रयोगशाळेतल्या मुली मग हाताने अहवाल लिहून देत. पुण्यातल्या आमच्या गटात एक मुलगी होती. साताऱ्याकडच्या गावातून, मराठी शाळेत शिकून आलेली. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. मंगळवारी तक्रार वाचताच तिच्या लक्षात आलं की तिन्ही नावांत 'ऱ' आहे. नावात कोणती अक्षरं चालतील याची एक यादी प्रोग्राममध्ये होती आणि तीत हे अक्षर घालायचं राहून गेलं होतं. दुरुस्ती एका ओळीची. वीस मिनिटांत ती करून, तपासून तिने तयार ठेवली.

ती ओळ रुग्णालयापर्यंत पोहोचायला नऊ दिवस लागले.

टीम लीडची मंजुरी, मग ते मॉड्यूल ज्यांच्याकडे होतं त्यांची, मग माझी, मग क्वालिटीची, मग सिक्युरिटीची आणि शेवटी दर गुरुवारी बसणाऱ्या मंडळाची. पहिल्या गुरुवारी मंडळातले एकजण रजेवर होते. दुसऱ्या गुरुवारी कुणीतरी विचारलं, या अक्षरात आणि साध्या 'र'मध्ये फरक काय? आणि फार फरक नसेल तर रुग्णांनाच साधा 'र' लिहायला सांगता येणार नाही का? मुलगी त्या बैठकीत हजर होती. तिला उत्तर पुरेपूर माहीत होतं, पण ते इंग्रजीत झटकन सुचलं नाही. ती गप्प बसली आणि बोलायचं काम आम्ही केलं, ज्यांनी त्या प्रोग्रामला हातही लावला नव्हता.

माझ्या सहीला दीड दिवस लागला. मला वेळ नव्हता असं नाही. माझ्या आधीच्यांनी सही केली आहे ना, उद्या काही बिघडलं तर माझं नाव कुठे येईल, एवढंच मी पाहत होतो. दीड वर्षाने ती मुलगी कंपनी सोडून गेली. जाण्याआधीचे कितीतरी महिने तिने आपणहून काही सुचवलं नव्हतं आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दफ्तरदिरंगाई म्हटलं की आपल्याला सरकारी कचेरी आठवते. तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत भिंती काचेच्या असतात, साहेबाला नावाने हाक मारतात, म्हणून तिथे ती नसेल असं आपण धरून चालतो. पण फाइलचं टिकेट झालं आणि टिपणीचा मेल झाला, तरी माणूस थांबतो तो थांबतोच. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४४ मध्ये, अमेरिकेच्या हेरखात्याने, ओएसएसने, एक छोटी पुस्तिका काढली. शत्रूच्या ताब्यातल्या देशांतल्या साध्या नागरिकांनी हाती शस्त्र न घेता शत्रूचं काम कसं खिळखिळं करावं, याचं ते मार्गदर्शन होतं. यंत्रात वाळू टाकणं वगैरे प्रकार तिच्यात आहेतच. त्याशिवाय संस्था आतून कशी अडवावी यावरही एक भाग आहे. प्रत्येक गोष्ट ठरलेल्या मार्गानेच जावी असा हट्ट धरा. विषय समितीकडे सोपवा आणि समिती पाचांपेक्षा लहान असू देऊ नका. मागच्या बैठकीत ठरलेलं पुन्हा उकरून काढा. शब्दांवरून वाद घाला. निर्णय घेण्याचा अधिकार आपल्याला आहे का, अशी शंका काढत राहा. शत्रूचा घात करायला शिकवलेले हे उपाय वाचताना मला आमचा गुरुवार आठवला. आमच्यातला कुणीही घातपाती नव्हता. सगळे सज्जन होते, कष्टाळू होते, आणि रोज तेच करत होते.

यावर उपाय म्हणून सैन्याकडून शिका असं कुणी म्हटलं की आपल्याकडे चुकीचंच चित्र उभं राहतं. एक हुकूम सुटतो आणि शंभर बूट एकदम आपटतात. अनेक वरिष्ठांना हेच सैन्य आवडतं. कामाच्या ठिकाणी ते त्याचीच नक्कल करतात. आवाज चढवतात, 'वॉर रूम' नावाच्या खोलीत मुलांना पहाटे तीनपर्यंत बसवून ठेवतात, रजा मागणाऱ्याकडे पळपुटा असल्यासारखं बघतात. कंपनी म्हणजे रणांगण नाही आणि पगारावर काम करणारी माणसं काही तुमच्यासाठी मरायला आलेली नाहीत. हा सगळा प्रकार सोडून द्यावा. शिवाय सैन्यातही लालफीत भरपूर असते. छावणीतल्या रजेच्या अर्जाची आणि कोठारातल्या नोंदींची गोष्ट कुठलाही निवृत्त फौजी सांगेल. शिकायचं आहे ते मैदानातल्या सैन्याकडून. तिथे वरच्याला सगळं दिसत नाही, निरोप उशिरा पोहोचतो आणि वाट पाहण्याची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते. अशा जागी टिकून राहणाऱ्या सैन्यांनी निर्णय अनेकदा खाली, ज्याला दिसतंय त्याच्या हाती दिला आहे.

मला पटलेलं सर्वांत स्पष्ट उदाहरण एका पाणबुडीचं आहे. १९९९ मध्ये अमेरिकी नौदलाचे कप्तान डेव्हिड मार्क्वे 'सांता फे' या अणुपाणबुडीवर रुजू झाले. तयारी त्यांनी वर्षभर दुसऱ्याच पाणबुडीसाठी केली होती, त्यामुळे हिच्यातले बारकावे त्यांना ठाऊक नव्हते. एका सरावात पाणबुडी आणीबाणीच्या विजेच्या मोटरवर चालवायची होती. वेग वाढवावा म्हणून त्यांनी दोन-तृतीयांश वेगाचा हुकूम दिला. हाताखालच्या अधिकाऱ्याने तो जसाच्या तसा पुढे दिला. सुकाणूवरचा खलाशी मात्र जागचा हलला नाही, कारण या पाणबुडीच्या त्या मोटरला दोन-तृतीयांश असा वेगच नव्हता. मार्क्वेंनी अधिकाऱ्याला विचारलं, तुला हे माहीत होतं का? माहीत होतं. मग हुकूम पुढे का दिलास? कप्तानाने दिला म्हणून.

सुमारे १३५ माणसं पाण्याखाली, अणुभट्टीच्या शेजारी. आणि वरून चुकीचा हुकूम आला तर तो खालपर्यंत बिनबोभाट पोहोचणार! मार्क्वे या प्रसंगाने हादरले. त्यांनी ठरवलं की शस्त्र डागण्याची आज्ञा आपल्याकडे ठेवायची, बाकी हुकूम देणं थांबवायचं. अधिकाऱ्यांनी परवानगी मागायची नाही. येऊन सांगायचं की मी अमुक करणार आहे, कारण हे आहे, आणि त्यासाठी ही खात्री करून घेतली आहे. कप्तानाला काही खटकलं तर तो विचारील. वाक्य एवढंसंच बदललं, पण विचार करण्याचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेलं. परवानगी मागणारा डोकं साहेबाच्या टेबलावर ठेवून मोकळा होतो. 'मी करणार आहे' म्हणणाऱ्याला आधी स्वतः सगळं तपासावं लागतं. पुढे त्याच पाणबुडीवरचे कित्येक अधिकारी स्वतः कप्तान झाले. मार्क्वेंनी हा अनुभव २०१२ मध्ये पुस्तकरूपाने लिहिला. त्यात त्यांनी दोन अटी फार आग्रहाने मांडल्या आहेत. माणसाला काम येत असलं पाहिजे आणि ते कशासाठी करायचं हे त्याला स्वच्छ कळलं पाहिजे. यातली एक जरी नसेल तरी अधिकार देणं म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं.

आपल्या सैन्यातलंही एक उदाहरण आहे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात पूर्वेकडून पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, शिरलेल्या चौथ्या कोअरचं काम मेघना नदीच्या अलीकडच्या काठापर्यंतच होतं. ओलांडून ढाक्याकडे जायचं त्यांना सांगितलेलं नव्हतं. आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवून दिला. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी समोरची परिस्थिती पाहिली आणि ९ डिसेंबरपासून एमआय-४ हेलिकॉप्टरांनी फौज पलीकडे उतरवायला सुरुवात केली. स्थानिक लोकांच्या होड्याही मदतीला आल्या. आठवड्याभरात, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागती झाली. सगत सिंगांनी लेखी कामाची हद्द ओलांडली, पण ते काम ज्यासाठी होतं तो हेतू त्यांच्या मनात पक्का होता.

आणि मराठी माणसाने यासाठी दूर कशाला जावं? मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. रायगडाला वेढा पडला. राजाराम महाराज निसटून थेट तामिळ मुलखात, जिंजीला गेले. पुढची आठ-नऊ वर्षं राजा तिकडे आणि लढाई इकडे, अशी स्थिती होती. जिंजीहून जासूद निघाला तर शत्रूचा मुलूख तुडवत तो महाराष्ट्रात पोहोचेपर्यंत इथलं चित्र पालटलेलं असे. प्रत्येक हालचालीला राजाची परवानगी लागली असती तर स्वराज्य एका पावसाळ्यात संपलं असतं. राजाराम महाराजांनी रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब आणि त्याबरोबर कारभाराचा पूर्ण अधिकार दिला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव आपल्या फौजा घेऊन कधी महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात लढत राहिले. १६९५ मध्ये संताजींनी दोड्डेरीला मोगल सरदार कासीमखानाला गाठलं तेव्हा ते जिंजीहून सहीचा कागद येण्याची वाट पाहत बसले असतील असं वाटत नाही. समोर होता औरंगजेब. त्याच्याकडे त्या काळातलं सर्वांत श्रीमंत साम्राज्य होतं, अफाट तोफखाना होता, चालतं-फिरतं शहर वाटावं अशी छावणी होती, आणि लहानमोठ्या बाबींत लक्ष घालण्याची बादशहाची जुनी सवय होती. १७०७ मध्ये तो नगरजवळ वारला तोवर मराठ्यांचं राज्य काही त्याच्या हाती आलं नव्हतं.

पण या गोष्टीचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही. माणसं मोगलांकडे जाऊ नयेत म्हणून त्या काळात वतनं आणि इनामं सढळ हाताने द्यावी लागली. ज्या वतनदारीला शिवाजी महाराजांनी लगाम घातला होता ती पुन्हा फोफावली. संताजी आणि धनाजी यांच्यातला दुरावा विकोपाला गेला आणि १६९७ मध्ये संताजी आपल्याच माणसांच्या वैरातून मारले गेले. ज्या रामचंद्रपंतांनी हे स्वातंत्र्य वापरून राज्य तगवलं, त्यांनीच पुढे 'आज्ञापत्रा'त वतनदारांच्या स्वतंत्र वृत्तीविषयी राजाला कडक शब्दांत सावध केलं आहे. अधिकार वाटण्याचे फायदे आणि धोके दोन्ही एकाच माणसाने आयुष्यभर पाहिले, म्हणून त्यांच्या शब्दाला मी मोठा मान देतो.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम केलेल्याला हे ओळखीचं वाटेल. गटांना मोकळीक मिळते आणि चार वर्षांत प्रत्येक गटाचं वतन तयार होतं. आमचा डेटा, आमचा सर्व्हर, आमच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. मोकळीक दिली म्हणून हे झालं असं म्हणून वरचे लोक पुन्हा सगळ्या सह्या आपल्याकडे ओढून घेतात. खरी उणीव वेगळीच असते. सगळ्यांचा मिळून हेतू काय, हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि गटागटांत एकमेकांना दिसेल असं काम मांडलेलं नसतं. २०१३ च्या १ ऑक्टोबरला अमेरिकी सरकारने आरोग्यविम्यासाठी वेबसाइट सुरू केली. तिच्यावर पंचावन्न कंत्राटदार काम करत होते आणि पहिल्या दिवशी विमा घेणं जमलं ते फक्त सहा जणांना. नंतर तिला वाचवायला आलेल्या अभियंत्यांनी रोजच्या बैठकीला काही नियम घातले. बैठक प्रश्न सोडवायला आहे, दोष ढकलायला नाही. आणि बोलायचं त्याने ज्याला त्या प्रश्नाची सर्वांत जास्त माहिती आहे, मग त्याचा हुद्दा काहीही असो. दोन महिन्यांच्या आत वेबसाइट चालू लागली.

हा दुसरा नियम आपल्या कचेऱ्यांत अंमलात आणायला किती जड आहे! हुद्द्याची उतरंड तर आहेच, पण आपल्याकडे तिच्याखाली आणखी जुन्या उतरंडी गाडलेल्या आहेत. इंग्रजी फाडफाड बोलणारा आधी बोलतो. नावाजलेल्या संस्थेत शिकलेल्याचं वाक्य बैठकीत पुरं ऐकलं जातं, तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्याचं अर्ध्यावर तोडलं जातं. मुलीने सांगितलेली शंका तासाभराने एखादा पुरुष पुन्हा मांडतो तेव्हा ती टिपून घेतली जाते. कंत्राटावरच्या माणसाला तर बैठकीला बोलावतच नाहीत, आणि रात्री बिघाड झाला की फोन मात्र त्यालाच. शतकानुशतकं कुणी बोलायचं आणि कुणी ऐकायचं हे जन्मावर ठरवणाऱ्या समाजातून आपण आलो आहोत. काचेच्या इमारतीत शिरताना ती सवय आपण दाराबाहेर ठेवली असं समजायचं काही कारण नाही. 'ऱ' ओळखणारी एकच व्यक्ती त्या खोलीत होती आणि तिचाच आवाज निघाला नाही. म्हणून दफ्तरदिरंगाई हा मला केवळ वेळेचा अपव्यय वाटत नाही. तो अन्याय आहे. नऊ दिवस हाताने अहवाल लिहिणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मुलींवर, आणि ज्यांचं आडनाव संगणकाने नाकारलं त्या आजारी माणसांवर.

सह्या वाढतात कशा? प्रत्येक अपघातानंतर एक नवी पायरी येते. अपघात विसरला जातो, पायरी राहते. ती काढून टाकायला कुणी धजत नाही, कारण काढल्यावर काही घडलं तर काढणाऱ्याचं नाव येईल. तळाशी भीती असते, आणि भीती वरून खाली झिरपते. वरिष्ठ चूक झाल्यावर आधी 'कुणी केलं?' असं विचारतो, त्या दिवसापासून खालची माणसं कागद जमवू लागतात. मेलमध्ये सात जणांना उगाच कॉपी ठेवणारा माणूस आळशी नसतो. तो घाबरलेला असतो.

ग्रेस हॉपर यांचं नाव संगणकाच्या इतिहासात आदराने घेतात. १९५२ मध्ये त्यांनी कंपायलरचं आरंभीचं रूप तयार केलं. त्या अमेरिकी नौदलात होत्या, रिअर ॲडमिरल होऊन १९८६ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्या खोलीत उलट्या दिशेने फिरणारं घड्याळ होतं. आजवर असंच चालत आलंय, हे कारण त्या ऐकून घेत नसत. परवानगीसाठी खोळंबण्यापेक्षा काम करून नंतर माफी मागणं सोपं, असं त्या तरुणांना सांगत. हा सल्ला आपल्याकडे फार प्रिय आहे. पण तो तरुणांना सांगून भागत नाही. माफी मागायला आलेल्याला खरोखर माफ करणारा वरिष्ठ तिथे असावा लागतो, नाहीतर आपण पोरांना फक्त खड्ड्यात ढकलतो.

कुणी म्हणेल, बँकेचं किंवा रुग्णालयाचं सॉफ्टवेअर आहे, चूक झाली तर जिवावर बेतेल, म्हणून सह्या हव्यात. चूक जिवावर बेतू शकते हे मला पूर्ण मान्य आहे. तपासणी हवीच, आणि कडक हवी. पण ज्याला ते काम कळतं अशा दुसऱ्या माणसाने ओळ न ओळ वाचणं ही तपासणी. ज्याला कळत नाही अशा सहाव्या माणसाने आधीच्या पाच सह्या पाहून सही करणं, याला तपासणी म्हणू नये. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा आपल्या पायऱ्या समोर मांडाव्यात आणि विचारावं, या सहीमुळे गेल्या वर्षात एक तरी काम सुधारलं का, एक तरी धोका अडला का? उत्तर 'नाही' असेल तर ती पायरी काढावी, आणि काढणाऱ्याने त्याखाली आपलं नाव लिहावं.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक छोटा गट आला, तेव्हा मी मंजुरीच्या यादीतून पहिल्यांदा माझं नाव काढलं. लहान बदल असेल तर गटातल्या दुसऱ्या जाणकाराने तो वाचायचा. मग बदल करणाऱ्याने सगळ्यांना दिसेल असं लिहायचं की मी आता अमुक करणार आहे, कारण हे, बिघडलं तर असं मागे घेईन. सुरुवातीचे दोन आठवडे मुलं लिहून झाल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायची. करू ना सर? त्यांना लहानपणापासून घरी, शाळेत हेच शिकवलेलं, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

दुसऱ्या महिन्यात एका मुलाच्या बदलामुळे एका रुग्णालयाची पावत्यांची छपाई चाळीस मिनिटं बंद पडली. ग्राहकाच्या फोनवर पहिला प्रश्न आला, कुणी केलं? मी म्हणालो, या पद्धतीने काम करायचं मी ठरवलं आहे, तेव्हा जाब मला विचारा. माझा आवाज स्थिर नव्हता. सोमवारी आमच्या वरिष्ठांनी विचारलं की सहीची पायरी परत घालू या का. तोवर त्या मुलाने कुणी न सांगता एक चाचणी लिहून ठेवली होती. तसली चूक पुन्हा झाली तर बदल आपोआप अडेल, ग्राहकापर्यंत जाणारच नाही. त्या चाचणीच्या यादीत त्याने नमुन्यादाखल काही नावं घातली होती. त्यांत एक गोऱ्हे होतं आणि एक बऱ्हाटे. जुनी गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. वरिष्ठांना उत्तर म्हणून मी ती चाचणीच पाठवली.